एका भाकरीची प्रार्थना

धुरपदाबाईच्या घरात माणसं दोन आणि साड्या दोनशे. सुरतेला कोसाडच्या सरकारी आवासात चौथ्या मजल्यावर एक खोली आणि मोरी. त्या खोलीत भिंतीला टेकून साड्यांचे गठ्ठे बसलेले असायचे, पाहुण्यांसारखे. फरक एवढाच की पाहुणे कधीतरी जातात. टेम्पोवाला एक गठ्ठा उचलायचा आणि दोन टाकून जायचा. साडीच्या उलट्या बाजूला लोंबणारे धागे कात्रीनं कापायचे, हे तिचं काम. सुरतेत त्याला धागा-कटिंग म्हणतात, आणि ते करणाऱ्या बाईला कोणी काहीच म्हणत नाही. बावीस वर्षं खाली मान घालून धागे कापल्यानं तिची मान अशी आखडली होती की देवळात गेली तरी तिला देवाचे पायच दिसायचे. तोंड बघायचं तर कमरेवर हात ठेवून मागे रेलावं लागे, आणि मग रांगेतली बाई म्हणे, "मावशी, दर्शन घ्या, व्यायाम घरी करा."

तिला खरं येत होतं ते स्वयंपाकाचं काम. पारोळ्याकडच्या माहेरी सतराव्या वर्षी तिला लग्नाच्या पंगतीचं भरीत करायला बसवलं होतं. आधी लिंबायतच्या गल्लीत राहत होती तोवर कानबाईच्या सणाला सात घरांचे रोट तिच्या नजरेखाली व्हायचे. कोसाडला आल्यावर गल्लीच राहिली नाही, जिना राहिला. जिन्यात कोण कोणाला रोट करायला बोलावतं?

म्हणून वसतिगृहातली बातमी आली तेव्हा तिनं कात्री खाली ठेवली ती दिवसभर उचलली नाही. कोसाडच्या टोकाला ख्रिस्ती ट्रस्टचं मुलींचं वसतिगृह होतं. पंचेचाळीस मुली, मोठं रसोडं, तीन शेगड्या. जुनी स्वयंपाकीण थकली आणि मुलाकडे बारडोलीला निघून गेली. जागा रिकामी होती.

वसतिगृहाच्या सुषमामॅडम जन्मानं नगरकडच्या, वाढल्या सुरतेत, त्यामुळे त्यांच्या मराठीला कायम गुजरातीची फोडणी. धुरपदाबाई जागा विचारायला गेली तेव्हा त्या म्हणाल्या, "जुओ धुरपदाबेन, मे महिन्यात मुली घरी जातात. जालन्याहून अकरा जण येणार आहेत, आठ दिवस. बालवाडीला रंग देतील, वर पत्रे बसवतील. त्यांची रसोई तुम्ही करा. फरियाद नाही आली तर जूनपासून रसोडं तुमचं. आली तर अमरोलीचा महाराज तयारच बसलाय."

हा महाराज, म्हणजे आचारी, धुरपदाबाईला ठाऊक होता. त्याची सकाळची रोटली संध्याकाळपर्यंत रुमालासारखी मऊ राहायची. माणसाचं तोंड पुसून परत खाता येईल इतकी.

घरी नवऱ्यानं, बन्सीलालनं, ऐकलं. तो लूमच्या खात्यात बारा तास उभा राहायचा आणि घरी आला की फक्त वाईट बोलायला तोंड उघडायचा.

"आठ दिन त्यासमां ऱ्हाशी, आनि नाव बदली येशी," तो म्हणाला.

"रेशनकार्डवर धुरपदाबाईनं द्रौपदीबाई व्हयेल व्हतं. ते दुरुस्त कराले सव वरीस लागनात. आते कोन बदलस?"

"लोके बोलतीस."

"लोकेसले सांग, भाकरी थापाले गयी शे."

सोमवारी जालन्याची मंडळी उतरली. आल्या आल्या त्यांनी व्हरांड्यात बॅनर बांधला. 'ख्रिस्तात आपण एक' असं मोठ्या अक्षरात, आणि खाली चार वेगवेगळ्या चर्चची नावं. पत्रे मोजायला आणलेल्या टेपनं एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आधी चारही नावांची उंची मोजली, आणि एकसारखी निघाल्यावर टेप खिशात घातली.

हे रघुनाथराव साळवे. निवृत्त पोस्टमन, जुन्या मिशनच्या चर्चचे, तोंडात कवळी. चारही चर्चमधल्या लोकांनी मिळून कुठं सेवेला जावं ही कल्पना त्यांचीच, आणि तिचा पश्चात्ताप त्यांना जालना स्टेशनवरच सुरू झाला होता. दुसरा शालिग्राम, तिशीतला, रिक्षा चालवणारा, पेंटेकॉस्ट मंडळीतला. तो डोळे मिटून, हात वर करून प्रार्थना करायचा आणि कुठं थांबायचं हे देवावर सोडायचा. तिसरी दिपाली, कॅथलिक, सरकारी दवाखान्यात नर्स. चौथा सुपडू. तो मुक्तिफौजेतला, अंगात गणवेश, आणि सगळे त्याला कॅप्टन म्हणायचे. धुरपदाबाईला वाटलं सुट्टीवर आलेला जवान आहे. दोन दिवस तिनं त्याला भरीत जास्त वाढलं. तिसऱ्या दिवशी कळलं की या फौजेत बंदूक नसते, खंजिरी असते. तरी तिनं वाढणं कमी केलं नाही. वर्दी तर होती.

बाकीचे सात जण या चौघांच्या मागे विभागलेले होते. बालवाडीला चार भिंती, हे देवानंच बघून ठेवलेलं असावं. एकेका चर्चनं एकेक भिंत घेतली. रंग सगळीकडे पांढराच, पण प्रत्येकाला दुसऱ्याची भिंत पिवळट दिसे.

पहिल्याच दिवशी रघुनाथराव रसोड्याच्या दारात येऊन म्हणाले, "मावशी, चपात्या नका करू. भाकरी करता का? गाडीत नुसते वडे खाऊन आलोय."

धुरपदाबाईला स्वर्ग दोन बोटं उरला. तिनं घरून कळण्याचं पीठ मागवलं. ज्वारीत उडीद घालून दळलेलं. अकरा माणसांच्या भाकरी थापल्या, वांग्याचं भरीत केलं, ठेचा केला, आणि ताटं मांडून सांगितलं, "बसा. गरम आहे तोवर खा. कळण्याची भाकरी थांबत नाही."

ते बसले. खाल्लं मात्र कोणी नाही. जेवणाआधी देवाचे आभार मानायचे असतात, आणि ते कोणी मानायचे यावर गाडीतच भांडण झालं होतं. तडजोड अशी निघाली होती की प्रत्येक जेवणाला चारही चर्चचा एकेक माणूस प्रार्थना करील. आणि प्रार्थना ताटात अन्न वाढल्यावरच, कारण नसलेल्या अन्नाचे आभार कसे मानायचे?

धुरपदाबाईला घड्याळ लागत नव्हतं, वेळ तिला भाकरीवरून कळायचा. रघुनाथरावांनी पुस्तकातून वाचायला घेतलं तेव्हा भाकरीची वाफ गेली. कॅप्टन सुपडूनं खंजिरीवर एक कडवं म्हटलं तोवर वरचा पापुद्रा खाली बसला. दिपालीनं कपाळाला, छातीला, खांद्यांना बोट लावून चार वाक्यं म्हटली. ती बिचारी लवकर आटपायची, पण तोवर कडा वाळल्या होत्या. मग शालिग्राम. त्यानं अन्नाचे आभार मानले, गाडीच्या ड्रायव्हरचे मानले, रेल्वे खात्यासाठी मागितलं, पोलिसांसाठी मागितलं, तापी नदीच्या पाण्यासाठी मागितलं, आणि शेवटी "या मावशीच्या हातांना आशीर्वाद दे" म्हणाला. तोवर मावशीच्या हातची भाकरी अशी झाली होती की बालवाडीला पत्रे कमी पडले असते तर बसवता आली असती.

रघुनाथरावांच्या कवळीनं पहिला घास नाकारला. त्यांनी भाकरी भरितात बुडवून ठेवली आणि तिची वाट बघत बसले.

असं तीन दिवस, दोन्ही वेळा. धुरपदाबाईनं उपाय करून पाहिले. भाकरी फडक्यात गुंडाळली, तर ती घामेजून चिवट झाली. दूध घालून पीठ मळलं, तर शालिग्रामनं प्रार्थनेत गुरंही घेतली. बुधवारी तिनं सरळ सुचवलं, "आधी देवाचं उरका, मग मी भाकऱ्या टाकते."

"पण मावशी," रघुनाथराव म्हणाले, "परातीतल्या पिठाचे आभार मानायचे का?"

"देवाला पिठातली भाकरी दिसते, काका," शालिग्राम म्हणाला.

"मग शेतातली पण दिसत असेल," कॅप्टन म्हणाला. "जालन्यातच आभार मानून आलो असतो."

"तुमच्यात मानतच नाहीत वाटतं नीट. नुसतं वाजवता."

"वाजवलेलं त्याला ऐकू येतं. तुझ्यासारखं ओरडावं लागत नाही."

त्यावरून बोलणं बाप्तिस्म्यावर गेलं. लहानपणी डोक्यावर पाणी शिंपडलेला माणूस पुरता ख्रिस्ती, की मोठेपणी पाण्यात बुडवलेला? धुरपदाबाई परात धरून उभी. तिच्या मनात आलं, आमच्याकडं नुसती पंगत वेगळी बसते, हे तर आंघोळीवरून भांडतात.

गुरुवारी सुषमामॅडमनं तिला बाजूला घेतलं. "धुरपदाबेन, साळवेकाका काही बोलले नाहीत. पण ते दुकानातून पाव आणताना मला दिसले."

"भाकरी चांगलीच आहे, मॅडम. त्यांची प्रार्थना लांब आहे."

"ते मी ट्रस्टला कसं सांगू? प्रार्थना लांब आहे म्हणून रसोई बिघडली? रोटली करा ना सरळ."

"त्यांनी भाकरी मागितली."

"सोमवारी दुपारी ते निघायच्या आधी मी त्यांच्याबरोबर जेवते. तेव्हा बघू." मॅडम जाता जाता म्हणाल्या, "महाराजाला मी त्या दिवसापुरत्या रोटल्या सांगून ठेवते. वाईट वाटून घेऊ नका. कोणी उपाशी गाडीत बसायला नको."

वाईट वाटून घेऊ नका म्हटल्यावर माणूस दुसरं काय करणार? धुरपदाबाई घरी गेली. बन्सीलाल गठ्ठ्याला टेकून झोपला होता. तिनं कात्री घेतली, दोन साड्यांचे धागे कापले, आणि तिसऱ्या साडीला तिला दिसेना. डोळे पुसले तरी दिसेना. मरेपर्यंत आपण साडीची उलटी बाजूच बघणार, असं तिला वाटलं.

शुक्रवार-शनिवार आणखी वाईट गेले. बाप्तिस्म्याच्या भांडणापायी चार चर्चनी चार पाळ्यांत जेवायला सुरुवात केली. बॅनर तसाच होता. रविवारी ते चार रिक्षा करून सुरतेतल्या चार चर्चना गेले आणि दुपारी पाठोपाठ परत आले. प्रत्येकाच्या तोंडावर, आपल्याकडं बरं झालं, असं.

धुरपदाबाईनं ताटं मांडली नव्हती. तिनं छोटी शेगडी ओढत ओढत जेवणाच्या खोलीत, सतरंजीच्या तोंडाशी आणून ठेवली होती. वर तवा, बाजूला परात. ती स्वतः समोर बसली होती.

"हे काय, मावशी?" दिपालीनं विचारलं.

"बसा सगळे. पाळ्या बंद. मला बोलायचंय." ते बसले. बसताना चार घोळके झालेच. "जूनपासून इथलं रसोडं मला मिळणार होतं. तुमची तक्रार नाही आली तर. उद्या मॅडम जेवायला बसतील आणि तुमची चौघांची प्रार्थना होईपर्यंत माझ्या भाकरीची चामडी होईल. मग अमरोलीचा महाराज येईल आणि मी परत साड्यांचे धागे कापीन. तुमचं देव ऐकतो का नाही ते मला माहीत नाही, मी तुमच्यातली नाही. पण तुम्ही एकमेकांचं ऐकत नाही, म्हणून माझी नोकरी हातची चाललीय. एवढंच."

रघुनाथरावांनी खिशावर हात ठेवला. खिशात पावाचा तुकडा होता.

"आता मी एक भाकरी तव्यावर टाकते," ती म्हणाली. "ती फुगली की आमेन. तेवढ्यात काय सांगायचं ते सांगा."

"चौघांनी?"

"चौघांनी सांगा नाही तर चाळीसांनी. भाकरी एकच."

तिनं भाकरी टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. सवयीनं शालिग्रामनं डोळे मिटून सुरुवात केली. तो अजून जालना स्टेशनवरच होता तेव्हा भाकरी उलटली, आचेवर गेली आणि टम्म झाली. "फुगली," धुरपदाबाई म्हणाली. शालिग्रामनं एक डोळा उघडून पाहिलं. फुगली होती.

"आमेन," तो म्हणाला, मनाविरुद्ध.

"आम्ही राहिलोच की," कॅप्टन म्हणाला.

"दुसरी टाकते. पण कोण?"

पुन्हा कुजबुज सुरू झाली. दिपाली म्हणाली, "प्रभूनं शिकवलेली म्हणू या ना. ती सगळ्यांना पाठ आहे."

"तुमची वेगळी आहे," रघुनाथराव म्हणाले.

"शब्द वेगळे आहेत, काका. बाप तोच आहे ना?"

येशूनं शिष्यांना शिकवलेली ती प्रार्थना चारही चर्चमध्ये रोज म्हणतात, पण इतक्या दिवसांत त्यांनी ती एकत्र म्हटली नव्हती. आता म्हटली, आणि धुरपदाबाईनं दुसरी भाकरी टाकली. निघाले बरोबर, जरा पुढं गेल्यावर मात्र क्षमेच्या ओळीशी घोटाळा झाला. रघुनाथराव 'ऋण' म्हणाले, दिपाली 'अपराध' म्हणाली, शालिग्राम 'पाप' म्हणाला, आणि कॅप्टन या तिघांत कोणाबरोबर जावं हे न कळून नुसता हूं म्हणाला. पुढच्या ओळीला पुन्हा एकत्र आले. शेवटाला दिपालीची प्रार्थना संपली आणि बाकीच्यांची उरलीच होती. त्यांच्याकडं एक ओळ जास्त. ती गप्प बसून त्यांची वाट बघत राहिली, आणि बघायला काही नव्हतं म्हणून भाकरीकडं बघत राहिली. त्यांचं आमेन आणि भाकरीचं फुगणं जवळजवळ बरोबरच झालं.

त्या दुपारी रघुनाथरावांनी तीन भाकरी खाल्ल्या. कवळी काढून ठेवून खाल्ल्या असत्या तरी चाललं असतं, इतक्या मऊ. जेवताना ते म्हणाले, "तुमचा 'अपराध' बरा आहे, दिपाली. पोस्टात असताना 'ऋण' म्हटलं की मला मनिऑर्डरी आठवायच्या."

सोमवारी सुषमामॅडम आल्या. येताना स्टीलचा डबा घेऊन आल्या आणि सतरंजीवर मधोमध ठेवला. झाकण लावलेलं होतं, पण आत महाराज बसलाय हे सगळ्यांना कळलं. जालन्याचे अकराही जण एका रांगेत बसले होते, सरमिसळ. मॅडमच्या ते लक्षात आलं की नाही कोण जाणे. त्यांनी शेगडीकडं पाहिलं. "इथं?"

"इथंच," धुरपदाबाई म्हणाली.

प्रार्थना सुरू झाली आणि तिनं भाकरी टाकली. पण तिची नजर डब्यावर होती. थापतानाच कड जरा जाड-बारीक झाली होती. उलटली तेव्हा मधोमध एक बारीक रेघ गेली. भाकरी चिरली. आचेवर धरली, वाफ त्या रेघेतून फुस्स करून निघून गेली, आणि भाकरी होती तशीच आडवी पडून राहिली. वर आमेन झालं.

मॅडमचा हात डब्याच्या झाकणावर गेला नाही, पण त्या दिशेनं निघाला.

"ही चिरली," धुरपदाबाई म्हणाली. "दुसरी टाकते." तिनं गोळा घेतला. थापू लागली. आता म्हणायला काही उरलं नव्हतं, प्रार्थना तर होऊन गेली होती. खोलीत फक्त थापण्याचा आवाज. रघुनाथरावांचं पुस्तक मांडीवर मिटलेलं होतं. कॅप्टननं खंजिरी पाठीमागं सारली. तिनं भाकरी तव्यावर सोडली आणि पाण्याचा हात फिरवला.

तेव्हा शालिग्राम बोलला. डोळे उघडे होते, हात खालीच होते.

"प्रभू," तो म्हणाला, "मावशीची भाकरी."

आणि थांबला. पुढं काही येईल म्हणून सगळे क्षणभर वाट बघत राहिले. आलं नाही.

"आमेन," दहा जण एकदम म्हणाले, रघुनाथराव सगळ्यांत मोठ्यानं. दिपालीनं तव्याकडं तोंड करून छातीवर क्रूस केला. धुरपदाबाईनं मनातल्या मनात कानबाई मायचं नाव घेतलं. म्हणजे त्या एका भाकरीमागं आता चार चर्च आणि एक खानदेशी देवी लागली होती. एवढ्यांनी हात लावल्यावर हत्तीसुद्धा फुगला असता. तरी धुरपदाबाईनं देवांच्या भरवशावर सोडलं नाही, भाकरी आचेवर धरून फडक्यानं कड दाबत गोल फिरवली. एका बाजूनं हवा शिरली, सरकत सरकत दुसऱ्या बाजूला गेली, आणि भाकरी उठून बसली.

ती तिनं मॅडमच्या ताटात ठेवली. मॅडमनं मोडली, वाफेनं बोट पोळलं, फुंकर घातली, भरितात बुडवून खाल्ली. पहिला घास, दुसरा घास. अकरा माणसं ताट विसरून एका बाईचं चावणं बघत होती.

"भाकरी चांगली आहे," मॅडम म्हणाल्या. "पण पंचेचाळीस मुलींना तुम्ही अशी गरम गरम कशी पुरवणार, धुरपदाबेन?"

"मुलींची प्रार्थना केवढी असते?"

"दोन ओळींची."

"मग पंधरा-पंधराच्या तीन पंगती बसवा. एक जेवतेय तोवर दुसरीच्या होतात."

"आणि एखादीला रोटलीच पाहिजे असली तर?"

"तर रोटली. मला रोटली येत नाही असं कोण म्हणालं? तुम्ही कधी विचारलं नाही."

मॅडम पहिल्यांदा हसल्या. डब्याचं झाकण उघडून त्यांनी रोटल्या कॅप्टनच्या पुढं सरकवल्या. "गाडीत खा." कॅप्टननं त्या मोजून अकरा जणांत वाटायला घेतल्या, आणि एक कमी निघाली तेव्हा शालिग्राम म्हणाला, "माझी काकांना द्या. मऊ आहे."

"शाळा दहा जूनला उघडते," मॅडम धुरपदाबाईला म्हणाल्या. "तोवर रसोडं बंद राहून जाळी धरेल. आठ तारखेला आलात तर धुऊन निघेल."

धुरपदाबाई पुढचा गोळा हातात घेऊन होती. मॅडमच्या तोंडाकडं बघायला तिला मान वर करावी लागली, आणि दुखली, तरी तिनं ती तशीच ठेवली.

"सातला येते," ती म्हणाली.